वर्गप्रकृती आणि १,७६,६३,१९,०४९ ही संख्या

एखाद्या धन पूर्णांकाच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्गच असावी, ही अट पाळणाऱ्या पूर्णांकांच्या जोड्या अनंत आहेत. त्यांपैकी सर्वांत लहान जोडी २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९ ही होय. या जोडीतील मोठी संख्या, म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास, ही भास्कराचार्यांच्या (दुसरे) बीजगणित या ग्रंथात आलेल्या एका उदाहरणाचे उत्तर आहे. हा ग्रंथ शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाचा एक भाग आहे. पुढे सु. ५०० वर्षांनी पिएर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी ६१ हीच संख्या घेऊन हाच प्रश्न यूरोपातील गणितज्ञांपुढे स्वतंत्रपणे मांडला. त्यामुळे गणिताच्या इतिहासात या संख्येस विशेष महत्त्व आहे.

प्रश्नाचे स्वरूप : प ही पूर्ण वर्ग नसलेली दिलेली संख्या असून क्ष व य या शोधावयाच्या पूर्णांक संख्या असल्या, तर प क्ष² + १ = य² या समीकरणास भारतीय गणितात ‘वर्गप्रकृती’ असे म्हणतात. यातील प ला ‘प्रकृती’, क्ष ला ‘कनिष्ठ’ (किंवा ‘ह्रस्व’) मूळ, य ला ‘ज्येष्ठ’ मूळ आणि मिळवावयाच्या संख्येस ‘क्षेप’ अशा संज्ञा आहेत. क्षेप नेहमी १ च असतो असे नाही. उत्तराकडे जाताना इतर धन वा ऋण क्षेप घ्यावे लागतात व अखेरीस क्षेप १ वर यावे लागते.

वरवर पाहता हा प्रश्न सोपा वाटतो, कारण अनेक प्रकृतींची उत्तरे अगदी लहान असतात. उदा., प्रकृती ६० असता कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ येते (६० × १६ + १ = ९६१). प्रकृती ६२ असता कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३ (६२ × ६४ + १ = ३,९६९), तर प्रकृती ६३ असता कनिष्ठ १ व ज्येष्ठ ८ येते. अशा शेजारात प्रकृती ६१ चे लहानात लहान ज्येष्ठ मूळ मात्र दहा अंकी आहे. १०० पेक्षा लहान असलेल्या कोणत्याही प्रकृतीचे लहानात लहान उत्तर एवढे मोठे नाही. त्या पट्टीत ६१ नंतर क्रम लागतो तो ९७ चा, आणि तिचे ज्येष्ठ मूळ ६,२८,०९,६३३ म्हणजे आठ अंकीच आहे. ६१ ला मागे टाकणारी पहिली प्रकृती १०९ ही होय.

याचा अर्थ असा की, ६१ चे उत्तर अंदाजाने वा एकामागून एक संख्या तपासून हाती येणे व्यवहारात अशक्य आहे. कनिष्ठ मूळ १, २, ३, … असे घेत दर सेकंदास एक याप्रमाणे अहोरात्र तपासणी केली, तरी २२,६१,५३,९८० पर्यंत पोहोचण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय शेवटच्या टप्प्यातील प्रत्येक तपासणीत नऊ अंकी संख्येचा वर्ग करून त्यास ६१ ने गुणावे लागेल व येणारी संख्या पूर्ण वर्ग आहे की नाही ते पाहावे लागेल. म्हणून ज्या ग्रंथात ही संख्या बिनचूक आढळते, त्या ग्रंथकारापाशी निश्चित पद्धती होती असे म्हणण्यास अन्य पुराव्याची गरज राहत नाही. संख्या स्वतःच त्या पद्धतीची साक्ष ठरते.

पूर्वेतिहास : वर्गप्रकृतीचा पहिला पद्धतशीर विचार ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्त या ग्रंथात आढळतो. त्यांनी दिलेल्या ‘भावना’ या नियमानुसार दोन उत्तरांपासून तिसरे उत्तर तयार करता येते. एका उत्तरात कनिष्ठ अ, ज्येष्ठ आ व क्षेप क असून दुसऱ्यात ती अनुक्रमे च, छ व ख असली, तर अ × छ + च × आ हे नवे कनिष्ठ, आ × छ + प × अ × च हे नवे ज्येष्ठ आणि क × ख हा नवा क्षेप होय. या नियमामुळे क्षेप १ असलेले एक उत्तर मिळाले की तेच पुनःपुन्हा योजून अनंत उत्तरे मिळतात. क्षेप −१, २, −२, ४ किंवा −४ असलेले उत्तर हाती आले, तरी त्यापासून क्षेप १ चे उत्तर काढता येते, हेही ब्रह्मगुप्तांनी दाखविले. प्रकृती ९२ घेऊन त्यांनी कनिष्ठ १२० व ज्येष्ठ १,१५१ असे उत्तर काढले. असा प्रश्न वर्षभरात सोडविणाऱ्यास गणक म्हणावे, अशा आशयाचे विधानही त्यांनी केले आहे.

ब्रह्मगुप्तांच्या रीतीत एक उणीव होती. क्षेप १, २ किंवा ४ असलेले पहिले उत्तर कसे मिळवावयाचे, याचा सर्वत्र लागू पडणारा नियम त्यांच्या ग्रंथात नाही. ही उणीव ‘चक्रवाल’ या पद्धतीने भरून निघाली. या पद्धतीत एकच क्रिया चक्राप्रमाणे फिरून फिरून करावयाची असते व प्रत्येक फेरीत क्षेप लहान ठेवण्याचा प्रयत्न असतो. दीर्घकाळ ही पद्धती भास्कराचार्यांचीच मानली जात होती. तथापि स्वतः भास्कराचार्यांनी तिचा उल्लेख पूर्वीपासून रूढ असलेल्या नावाने केला आहे. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकरांची सुंदरी ही टीका अभ्यासून तीत उद्‌धृत झालेले जयदेव या गणितज्ञांचे श्लोक प्रकाशात आणले. ही टीका पहिल्या भास्कराचार्यांच्या लघुभास्करीय या ग्रंथावरील असून ती इ. स. १०७३ मधील आहे. जयदेवांच्या श्लोकांत चक्रवाल पद्धती स्पष्टपणे सांगितलेली असल्यामुळे तिचा उगम भास्कराचार्यांच्या आधी निदान पाऊणशे वर्षे तरी मागे जातो. भास्कराचार्यांचे श्रेय पद्धती नेटकेपणाने मांडण्यात आणि तिची खरी कसोटी लागेल अशी उदाहरणे निवडण्यात आहे. प्रकृती ६७ व प्रकृती ६१ ही ती दोन उदाहरणे होत. पहिल्याचे उत्तर कनिष्ठ ५,९६७ व ज्येष्ठ ४८,८४२ असे येते.

भास्कराचार्यांची रीत : प्रकृती ६१ चे उत्तर भास्कराचार्यांच्या पद्धतीने पुढीलप्रमाणे निघते. ६१ च्या जवळचा वर्ग ६४ हा आहे. म्हणून प्रथम कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ व क्षेप ३ घ्यावा (६१ × १ + ३ = ६४). आता एक अशी संख्या शोधावी की, तिने कनिष्ठास गुणून त्यात ज्येष्ठ मिळविले असता येणाऱ्या संख्येस क्षेपाने निःशेष भाग जावा आणि त्या संख्येचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. पहिल्या अटीसाठी भारतीय गणितातील ‘कुट्टक’ ही रीत वापरतात. येथे ती संख्या ७ येते. कारण १ × ७ + ८ = १५ या संख्येस ३ ने भाग जातो आणि ७ चा वर्ग ४९ हा ६१ पासून १२ नेच दूर आहे.

यावरून नवे कनिष्ठ १५ ÷ ३ = ५, नवे ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९ आणि नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४ येतो. पडताळा असा : ६१ × २५ − ४ = १,५२१ = ३९². चक्राच्या एकाच फेरीत क्षेप −४ वर आल्यामुळे येथून पुढे ब्रह्मगुप्तांची भावना पुरेशी होते.

क्षेप −४ ला २ च्या वर्गाने भागले असता कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ व क्षेप −१ मिळतो. या उत्तराची स्वतःशीच भावना केली असता कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १,५२३/२ व क्षेप १ येतो. येथे क्षेप १ आला, तरी मुळे अपूर्णांकात आहेत. म्हणून या उत्तराची मागील उत्तराशी पुन्हा भावना करावी. तेव्हा अपूर्णांक नाहीसे होऊन कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८ व क्षेप −१ मिळतो. शेवटी या उत्तराची स्वतःशी भावना केली की कनिष्ठ २ × ३,८०५ × २९,७१८ = २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९ येऊन क्षेप १ होतो. सात वर्षांतही तपासून न संपणारे काम अशा रीतीने एका पानावरील थोड्या गुणाकारांत पुरे होते.

क्षेप −१ चे मधले उत्तर मिळणे हाही योगायोग नव्हे. प्रकृती दोन वर्गांची बेरीज नसेल, तर क्षेप −१ असणारे उत्तर संभवत नाही, असा नियम भास्कराचार्यांनी दिला आहे. ६१ ही संख्या २५ + ३६ म्हणजे ५ व ६ यांच्या वर्गांची बेरीज आहे. याउलट ६७ ही दोन वर्गांची बेरीज नाही व तिच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. हा नियम पाहता केवळ रीत चालविण्यापलीकडे संख्यांच्या अंतर्गत रचनेकडेही भास्कराचार्यांचे लक्ष होते, असे दिसते.

संख्येचे गुणधर्म : वरील मांडणीवरून १,७६,६३,१९,०४९ या संख्येचे काही लक्षणीय गुणधर्म सहज दिसून येतात.

(१) तिच्या अलीकडची संख्या १,७६,६३,१९,०४८ ही २ × २९,७१८² म्हणजे एका वर्गाची दुप्पट आहे. तिच्या पलीकडची संख्या १,७६,६३,१९,०५० ही १२२ × ३,८०५² म्हणजे दुसऱ्या एका वर्गाची १२२ पट आहे. एका वर्गाची दुप्पट आणि दुसऱ्या वर्गाची १२२ पट यांत केवळ २ चे अंतर असावे व त्या दोहोंच्या मध्ये ही संख्या बसावी, असा हा योग आहे.

(२) या गुणधर्मामुळे मोठे गुणाकार न करताही उत्तराचा पडताळा घेता येतो. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला असता तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या संख्यांचा गुणाकार मिळतो. येथे तो गुणाकार २ × २९,७१८² × १२२ × ३,८०५² म्हणजेच ६१ × (२ × २९,७१८ × ३,८०५)² असा होतो आणि कंसातील संख्या हेच कनिष्ठ मूळ होय.

(३) ही संख्या मूळ संख्या (अविभाज्य संख्या) नाही. तिचे अवयव १,५२३ × ११,५९,७६३ असे पडतात. यांतील १,५२३ ही संख्या वरील रीतीत मधल्या टप्प्यावर ज्येष्ठ मुळाचा अंश म्हणून आलेलीच आहे. ती स्वतः मूळ संख्या आहे. कनिष्ठ मुळाचे अवयव मात्र बरेच लहान असून ते २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१ असे आहेत.

(४) ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ अत्यंत सूक्ष्मपणे मिळते. √६१ ची किंमत ७·८१०२४९… अशी आहे. १,७६,६३,१९,०४९ ÷ २२,६१,५३,९८० हा भागाकार व √६१ यांतील फरक प्रथमच दशांशाच्या अठराव्या स्थळी पडतो. वर्गप्रकृतीचा वर्गमुळे काढण्याकडे असा उपयोग करण्याची रीत नारायण पंडितांनी गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथात सांगितली आहे. चक्रवालासाठी त्यांनी प्रकृती १०३ व ९७ ही उदाहरणे घेतली.

(५) या उत्तरापासून भावनेने पुढील उत्तर काढले, तर त्यातील ज्येष्ठ मूळ १९ अंकी येते. भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांच्या परिगणनेत दहावे स्थान अब्ज हे आहे. म्हणजे पहिले उत्तर अब्जात मोजता येते, तर दुसरे उत्तर परार्धाचीही मर्यादा ओलांडते.

महाराष्ट्रातील परंपरा : भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील असून आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे होते, असे त्यांनीच सांगितले आहे. या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मात्र शिलालेखाने सिद्ध झालेला आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भास्कराचार्यांच्या पूर्वजांची व वंशजांची नावे आहेत. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी होते. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. चांगदेवांनी आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी व इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून मठ स्थापन केला व त्यास निकुंभ वंशातील सोईदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले, अशी या लेखात नोंद आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. मठासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील मात्र मराठीत असून मराठी भाषेच्या प्रारंभीच्या लेखांत त्याची गणना होते. ज्या ग्रंथात ६१ चे उदाहरण आले आहे, त्याच्या अध्यापनाची तरतूद अशा रीतीने बाजारपेठेतील लोकांच्या भाषेत कोरून ठेवलेली आहे.

पुढील काळातही बीजगणित या ग्रंथाचा अभ्यास या प्रदेशातील विद्वानांनी चालू ठेवला. गोदावरीच्या काठच्या पार्थपूर (पाथरी) येथील ज्ञानराज यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये त्यावर सूर्यप्रकाश ही टीका लिहिली. विदर्भात पयोष्णीच्या काठी असलेल्या दधिग्राम येथून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी सु. १६०० मध्ये बीजपल्लव (नवांकुर) ही टीका लिहिली. तीत केवळ अर्थ न देता नियमांची उपपत्तीही दिलेली असून भावनेची सिद्धता त्यांत येते. भारतीय गणितात नियम असत, पण त्यांची कारणे दिली जात नसत, हा समज कृष्ण दैवज्ञांच्या टीकेने बराचसा दूर होतो. मोगल दरबारातही हा ग्रंथ पोहोचला होता. शाहजहानच्या कारकीर्दीत, १६३४ च्या सुमारास, अताउल्लाह रशीदी यांनी त्याचे फार्सी भाषांतर केले.

यूरोपातील शोध : हे भाषांतर झाल्यानंतर सु. २३ वर्षांनी, भारतातील या कार्याची कल्पना नसताना, फेर्मा यांनी फेब्रुवारी १६५७ मध्ये पॅरिसमधील फ्रेनिकल यांना पत्र लिहिले. वर्गप्रकृतीचे सामान्य उत्तर सापडत नसेल, तर निदान ६१ व १०९ या दोन संख्यांची उत्तरे काढावीत, असे त्यांनी सुचविले. फार त्रास पडू नये म्हणून आपण लहान संख्या निवडल्या आहेत, अशी मल्लिनाथीही त्यांनी केली होती. ती अर्थातच उपरोधाची होती, कारण १०९ चे लहानात लहान ज्येष्ठ मूळ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे. प्रकृती वाढवीत गेले असता उत्तराच्या आकाराचा उच्चांक करणाऱ्या ज्या मोजक्या संख्या येतात, त्यांत ६१ व त्यानंतर लगेच १०९ यांचा समावेश होतो. फेर्मा यांची निवड पूर्ण विचाराअंती झालेली होती. तोच न्याय भास्कराचार्यांच्या निवडीलाही लावला पाहिजे.

फेर्मा यांचे आव्हान इंग्लंडमध्येही गेले. विल्यम ब्रौंकर व जॉन वॉलिस यांनी त्यास उत्तर देणारी रीत शोधली आणि तो पत्रव्यवहार १६५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रौंकर यांची रीत आजच्या भाषेत वितत अपूर्णांकांची होय. √६१ हा वितत अपूर्णांकाच्या रूपात मांडला असता ७ नंतर १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ हे अकरा अंक पुनःपुन्हा येतात. पहिल्या आवर्तनाच्या अखेरीस २९,७१८/३,८०५ हा अपूर्णांक मिळतो व दुसऱ्या आवर्तनाच्या अखेरीस १,७६,६३,१९,०४९/२२,६१,५३,९८० हा मिळतो. म्हणजे यूरोपीय मार्गावर पडणारा मधला मुक्काम भास्कराचार्यांच्या मार्गावरील मुक्कामाशी तंतोतंत जुळतो. दोन्ही रीती वेगवेगळ्या असल्या, तरी संख्यांची मूळ रचना एकच असल्यामुळे असे घडते. उसनवारीचा संशय त्यावरून घेण्याचे कारण नाही.

लेओनार्ट ऑयलर यांनी या समीकरणास जॉन पेल या इंग्रज गणितज्ञांचे नाव दिले. पेल यांचा या शोधाशी म्हणण्यासारखा संबंध नव्हता. तरीही ‘पेल समीकरण’ हेच नाव जगभर रूढ झाले. प ही पूर्ण वर्ग नसलेली कोणतीही धन पूर्णांक संख्या असली, तरी या समीकरणास उत्तर असतेच, याची सिद्धता जोझेफ लूई लाग्रांझ यांनी १७६८ मध्ये दिली. १७७३ मध्ये उजेडात आलेले व आर्किमिडीज यांच्या नावे असलेले गुरांच्या कळपाचे कोडे हेही अशाच समीकरणावर येते. त्याचे उत्तर २,०६,५४५ अंकी असून ते संपूर्णपणे काढण्यास १९६५ मध्ये संगणकाची मदत घ्यावी लागली.

मूल्यमापन : बीजगणित या ग्रंथाचा परिचय यूरोपास प्रथम एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये फार्सीवरून केलेल्या भाषांतराने झाला. नंतर हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये मूळ संस्कृतावरून केलेले भाषांतर प्रसिद्ध झाले. तोपर्यंत फेर्मा, ब्रौंकर, ऑयलर व लाग्रांझ यांचे कार्य पूर्ण झालेले होते. लाग्रांझ यांच्यापूर्वी संख्यासिद्धांतात जे कार्य झाले त्यात चक्रवाल पद्धती सर्वोत्कृष्ट होय, असा अभिप्राय जर्मन गणितज्ञ हेर्मान हांकेल यांच्या १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्य व त्यांचे टीकाकार यांची साधार माहिती प्रथमच एकत्र आली.

भास्कराचार्यांच्या कार्याचे मोल ठरविताना दोन टोके टाळावी लागतात. ६१ चे उत्तर म्हणजे एक चतुर आकडेमोड होती, असे म्हणणे हे पहिले टोक होय. दहा अंकी उत्तर देणारी, कोणत्याही प्रकृतीस लागू पडणारी व थोड्या फेऱ्यांत संपणारी रीत ही आकडेमोड नसून सिद्धांताच्या योग्यतेचीच गोष्ट आहे. उलट लाग्रांझ यांनी जे केले ते सर्व भारतात आधीच झाले होते, असे म्हणणे हे दुसरे टोक होय. चक्रवालाची फेरी प्रत्येक प्रकृतीच्या बाबतीत निश्चितपणे क्षेप १ वर येऊन थांबेल, याची सिद्धता उपलब्ध भारतीय ग्रंथांत आढळत नाही. ती सिद्धता ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये दिली. चक्रवाल ही वितत अपूर्णांकांच्याच एका विशेष प्रकाराशी जुळणारी व त्या दृष्टीने कमी फेऱ्यांत उत्तर देणारी पद्धती आहे, हे फिनलंडमधील सेलेनियस यांनी १९७५ मध्ये तपशिलाने दाखविले. रीत शोधणे आणि ती कधीही चुकणार नाही हे सिद्ध करणे ही दोन भिन्न कार्ये होत. पहिल्याचे श्रेय ब्रह्मगुप्त, जयदेव व भास्कराचार्य यांच्या परंपरेस निःसंशय जाते व दुसऱ्याचे लाग्रांझ आणि अय्यंगार यांना.

हे श्रेय ठरविण्यास कोणत्याही वंशावळीची वा अभिनिवेशाची आवश्यकता नाही. प्राचीन ग्रंथांतील अनेक विधानांचा अर्थ लावावा लागतो व त्यावर मतभेद होतात. १,७६,६३,१९,०४९ ही संख्या मात्र कोणालाही गुणाकार करून पडताळता येते. एका एककाने जरी ती चुकली असती, तरी समीकरण जुळले नसते. पाटणे येथील मठाचा आज मागमूसही उरलेला नसला, तरी तेथे ज्या ग्रंथाचे अध्यापन व्हावे अशी योजना होती, त्यातील हे उत्तर तितकेच अचूक राहिले आहे.